डाव्या हाताने चालणाऱ्या ताई

परवा माणिकपूरच्या बाजारात एका बाईने मला ओळखलं. "तू त्या गेमवाल्या म्हातारीकडे होतीस ना गं? तिसऱ्या मजल्यावरच्या?" असं म्हणून ती हसली आणि बरोबरच्या बाईला सांगायला लागली, "अगं, काय वेडी होती! कानाला ते लावून कॉम्प्युटरवर नुसतं ठो ठो. या वयात!" दोघी हसल्या. मीही हसल्यासारखं केलं आणि मेथीची जुडी घेऊन निघाले.

गोखिवऱ्याला घरी पोचेपर्यंत मनात उत्तरं येत होती. सगळी चांगली होती. पण चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, ते लहानपणापासूनच. म्हणून लिहायला बसले आहे. शिक्षण माझं चौथीपर्यंतचं, पण अक्षर बरं आहे असं शालूताई म्हणायच्या. हे कुणाला दाखवायचं नाही. फक्त त्या बाईने ज्यांना वेडी म्हटलं, त्या शालूताई कशा होत्या ते एकदा नीट सांगून टाकायचं आहे.

मी त्यांच्याकडे लागले ती उन्हाळ्यात. पॅरालिसिसचा झटका येऊन त्या इस्पितळातून नुकत्या घरी आल्या होत्या. डावी बाजू गेली होती. मुलगा अभिजितदादा बंगळूरहून आला होता, त्याने मला दारात कामं समजावली. स्वयंपाक, आंघोळ, औषधं. मी मान हलवत होते. मग तो म्हणाला, "आई आत आहे, भेटून घ्या."

ताई खुर्चीत बसल्या होत्या, दाराकडे पाठ. मी चपला बाहेरच काढल्या होत्या. आत गेले आणि गुपचूप उभी राहिले. आवाज न करता उभं राहणं मला चांगलं जमतं. पण त्या न वळता म्हणाल्या, "उजवी टाच घासतेस तू चालताना. नाव काय?"

"नंदा."

"मोठ्याने सांग. लाइन खराब आहे."

ताईंचं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं होतं. कानाला हेडफोन, समोर वायरी आणि भोकं, हा नंबर त्या नंबरला जोडायचा. पुढे मशिनं आली, तरी त्यांचं बोलणं एक्स्चेंजमधलंच राहिलं. कुणी घाई केली की म्हणायच्या, "होल्ड करा." कुणी नको तो विषय काढला की, "लाइन व्यस्त आहे." आणि समोर बसलेलं माणूस जायला उठलं की अच्छा नाही, येत जा नाही. म्हणायच्या, "ठेवते." नवीन माणसाला वाटायचं, काय ठेवते? मला आठवडाभराने कळलं की फोन ठेवते. हातात फोन नसला तरी.

कानाचं तर विचारूच नका. जिन्यात कुठल्या मजल्यावर कोण चढतंय, ते त्या घरात बसून सांगायच्या. "दुसऱ्या मजल्याची सून आली. आज चिडलेली आहे." पंधरा मिनिटांनी खाली भांडण सुरू व्हायचं. चर्चची घंटा वाजायच्या आधी दोरीचा आवाज येतो म्हणायच्या. तो मला कधीच आला नाही.

त्या मूळच्या निर्मळ गावच्या, बागायतदाराच्या घरातल्या. केळी, फुलं, भाजी. भाऊ स्कूटरवरून केळीचा घड घेऊन यायचा आणि ताई कपाळाला हात लावायच्या. केळं त्या तोंडात घालत नसत. "जन्मल्यापासून केळीच बघितली, आता खायला तरी सांगू नका," म्हणायच्या. तो घड बाल्कनीत टांगायचा आणि पिकेल तसा बिल्डिंगमध्ये वाटायचा, हा नेम. माझं बोलणं गावचं, मी "पानी देऊ का?" विचारते. एका घरात त्यावरून पोरंसुद्धा माझी नक्कल करायची. ताई नुसतं म्हणायच्या, "आन." त्यांच्या तोंडून ते इतकं सहज यायचं की माझी लाज तिथल्या तिथे संपायची.

डाव्या हाताला त्यांनी नाव ठेवलं होतं. पाहुणी. "पाहुणीला जरा उचलून मांडीवर ठेव गं. आली आहे, राहते आहे, कामाला हात लावत नाही." इस्पितळातलीच फिजिओथेरपीची डॉक्टर, सिल्व्हिया, स्कूटीवरून यायची. तरुण मुलगी, वसईचीच. तिने एक रबरी चेंडू दाबायला दिला होता. ताई तिच्यासमोर दोनदा दाबल्यासारखं करायच्या आणि ती गेली की चेंडू नाहीसा व्हायचा. एकदा तो मला तांदळाच्या डब्यात सापडला.

"ताई, ह्यो इथे कसा?"

"लपलाय. त्याला पण कंटाळा आला असेल."

हसायच्या, पण आतून हरल्या होत्या. कारण मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. अभिजितदादाचं म्हणणं होतं की घर विकायचं आणि आईने बंगळूरला यायचं. तो वाईट माणूस नव्हता, हे लिहायलाच हवं. इस्पितळात तो आईच्या उशाशी बसून रडला होता, असं सिल्व्हियाने मला सांगितलं होतं. त्याने बंगळूरच्या घरात आईसाठी खोली तयार करून घेतली होती, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या होत्या. पण ताईंना हे घर सोडायचं नव्हतं.

"आई, इथे तू कैदी होशील. जिना कसा उतरणार?"

"आणि तिथे? चौदाव्या मजल्यावर मला काय ऐकू येणार? फ्रीज?"

"आई, हे काय कारण झालं?"

"हेच कारण आहे. इथे कोण कुठून येतंय ते मला कळतं."

मग ताई म्हणाल्या, "तीन जिने चढून दाखवले तर?"

"कुणाचाही हात न धरता?"

"कुणाचाही हात न धरता. काठी चालेल ना?"

"काठी चालेल. दिवाळीला मी येतो. नाही जमलं तर माझ्याबरोबर निघायचं. वाद नाही."

"वाद नाही," ताई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना खुर्चीतून पलंगापर्यंत न्यायला आम्ही दोघं लागलो होतो.

जाताना दादाने हॉलमध्ये कॅमेरा बसवला, आईवर लक्ष राहावं म्हणून. आणि त्याची मुलगी ईरा, कॉलेजात जाणारी, सुट्टी होती म्हणून थोडे दिवस मागे राहिली.

ईराने आपला कॉम्प्युटर आणला होता आणि त्यावर ती एक गेम खेळायची. मला आधी वाटलं कॉम्प्युटर बिघडला आहे, कारण चित्रं सगळी चौकोनी ठिपक्यांची, फार जुन्या काळातल्या टीव्ही गेमसारखी. ईरा म्हणाली, ती मुद्दाम तशी केली आहेत. त्यात एक चौकोनी अंगण. चारी बाजूंना भिंती, भिंतींना दारं, वर काळं आभाळ. आपण मध्ये उभे. आपण दिसत नाही, फक्त पुढे धरलेला पेटता हात दिसतो. मग दारांतून एकेक प्रकार यायला लागतात. वटवाघळांसारखे, खेकड्यासारखे, शिंगंवाले. सगळ्या बाजूंनी आणि इतके भराभर की बघणाऱ्याला घेरी यावी. पळायचं आणि त्यांना जाळायचं. एकाने जरी शिवलं की संपलं. पडदा लाल होतो आणि किती वेळ टिकलात तो आकडा येतो. बस. राजवाडा नाही, खजिना नाही, पुढचा मजला नाही. पुन्हा बटण दाबायचं, पुन्हा तेच अंगण.

ताई मागे खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं डुलकी लागली आहे. तेवढ्यात त्या ओरडल्या, "मागे बघ, मागे! डावीकडच्या दारातून आलाय!"

ईरा वळली. खरंच मागे शिंगंवाला होता. तिने खेळ सोडून आजीकडे बघितलं. त्यात ती मेली.

"आजी, तुला कसं कळलं?"

"त्याचा घसा खरखरतो येताना. ऐकू नाही येत तुला? सगळ्यांचे आवाज वेगळे आहेत." मग जरा थांबून, "जिंकतात कसं यात?"

"जिंकत नाहीत. नुसतं टिकायचं असतं."

"शेवटी मरायचंच?"

"हो."

"मग खरं बोलतो हा खेळ," ताई म्हणाल्या. "सरक. मला बसू दे."

माउस उजव्या हातात. त्याने वळायचं आणि मारायचं. ते त्यांना पटकन जमलं. पण एकाच जागी उभ्या राहून किती वेळ टिकणार? चहा गाळून होईपर्यंत त्यांचं दोनदा मरून व्हायचं. "चालायचं कसं यात?" त्यांनी विचारलं.

ईराने आजीच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "चालायचं डाव्या हाताने असतं, आजी."

मग ताईंनी उजव्या हाताने डावा हात उचलला, एखादं मूल उचलून पाटावर बसवावं तसा की-बोर्डवर ठेवला, आणि म्हणाल्या, "पाहुणे, काम आलंय तुझं."

बोटं हलली नाहीत. पुष्कळ दिवस हलली नाहीत. ईरा जाताना कॉम्प्युटर आजीकडेच ठेवून गेली. ताई रोज हात उचलून ठेवायच्या, मधलं बोट पुढे जायच्या बटणावर, आणि एका जागी उभ्या राहून मरायच्या. सिल्व्हियाला मी भीतभीत सांगितलं, कारण ती रागावेल असं वाटलं. ती ताईंना म्हणाली, "हे बघा आंटी, गेम खेळून कोणी बरं होत नाही. एक्सरसाइज करायचाच. पण बोट हलवायला तुम्हाला रीझन मिळालं, तर मी नाही कशाला म्हणू?" मग ठरलं. आधी चेंडू, आधी पाय उचलणं, आधी भिंतीला धरून उभं राहणं. मग गेम. तांदळाच्या डब्यात त्यानंतर चेंडू गेला नाही.

पाऊस लागून बरेच दिवस झाले होते. मी स्वयंपाकघरात मासे साफ करत होते. आतून अशी किंकाळी आली की माझ्या हातून ताटली पडली. धावले. ताई पडद्यासमोर लाल झाल्या होत्या.

"नंदा! पाहुणी उठली!"

मधलं बोट बटण दाबत होतं. हळू, जड, पण दाबत होतं. पडद्यावर अंगण पुढे सरकत होतं. समोरून एक खेकडा आला आणि ताई मेल्या. मेल्या तरी त्या हसत होत्या. मी माशाचे हात तसेच वर धरून उभी होते.

त्यानंतर आमच्या घरात जो गोंधळ सुरू झाला, त्यावरूनच लोक त्यांना वेडी म्हणायला लागले असणार. त्यांनी त्या सगळ्या भुतांना नावं दिली होती. झुंडीने येऊन चावणारी वटवाघळं म्हणजे नणंदा. तिरकी पळणारी ती कुर्ली. आणि तो शिंगंवाला, जो सावकाश पण नेहमी मागूनच यायचा आणि कितीही जाळला तरी लवकर जायचा नाही, तो सेक्रेटरी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कारेकर एकदा पाण्याच्या टाकीचं काही सांगायला आले. दार उघडंच होतं. आतून ताईंचा आवाज: "आलास मेल्या सेक्रेटरी! थांब, आज तुला भाजतेच!"

कारेकर उंबऱ्यावरच थांबले. माझ्याकडे बघितलं. मी फ्रीजशेजारी उभी होते, तिथूनच मान खाली घातली. तेवढ्यात आतून, खेळ न थांबवता, ताई म्हणाल्या, "तुम्ही नाही हो, कारेकर. तुमच्या चपलेचा आवाज ओळखते मी. बसा, नणंदा मारून येते."

कारेकर बसले. चहा घेतला. पुढे ते स्वतःच लोकांना सांगायचे, "मी तिथे रोज मरतो."

दुसऱ्यांदा असंच अभिजितदादाचं झालं. बंगळूरहून कॅमेऱ्यात त्याला आई खुर्चीत डोलताना, हातवारे करताना दिसली. आवाज येत नसावा. त्याचा फोन आला, मीच घेतला.

"नंदाताई, आईला काय होतंय? फिट आली का? बोला ना!"

माझ्या तोंडून शब्द निघेना. मी फोन ताईंच्या कानाशी नेला. एका कानाला हेडफोन, दुसरा कान नेहमी मोकळा ठेवायच्या. एक्स्चेंजमधली सवय, म्हणायच्या, एक कान लाइनवर आणि एक सुपरवायझरवर. मोकळ्या कानाला फोन लावला तर त्या म्हणाल्या, "लाइन व्यस्त आहे. ठेवते." दादाने शेजाऱ्यांना फोन केले. चार बायका धावत वर आल्या. ताई तोपर्यंत मरून निवांत बसल्या होत्या. सगळ्यांना केळी दिली.

मला त्या एक गोष्ट सारखी सांगायच्या. घरी कुणी आलं की मी फ्रीज आणि भिंत यांच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहायचे. तिथे मला बरं वाटतं. ताई म्हणायच्या, "नंदा, या खेळात नवीन माणूस पहिल्यांदा काय करतं माहीत आहे? कोपऱ्यात पळतं. वाटतं, दोन बाजूंना भिंत, म्हणजे दोनच बाजूंनी येतील. पण तिथून निघायला जागा नसते. मध्ये राहायचं. हलत राहायचं. कोपऱ्यात उभी राहू नकोस."

मी हो म्हणायचे आणि उभी राहायचे तिथेच.

चालणं सुधारत होतं. घरातल्या घरात काठीने फिरायला लागल्या. जिन्याचा सराव त्यांनी कुणाला सराव म्हणून सांगितला नाही. केळी वाटायला जाते, म्हणायच्या. पिशवी माझ्याकडे. पहिल्यांदा समोरच्या दारापर्यंत. मग दुसऱ्या मजल्यावर. तिथे त्या सुनेकडे बसायचं, दम खायचा, तिच्या सासूच्या तक्रारी ऐकायच्या आणि वर यायचं. मग पहिल्या मजल्यावर. भाऊ विचारायचा, "इतकी केळी जातात कुठे?" ताई म्हणायच्या, "पायात."

जिन्यात एक अडचण होती. चढताना कठडा डाव्या हाताला यायचा. सिल्व्हिया म्हणायची कठडा धरा. ताईंनी धरला की पाहुणी तिथे चिकटूनच बसायची, सोडायला तयार नाही, आणि डावा पायही तिच्याबरोबर अडून बसायचा. एकदा वैतागून ताईंनी हात मांडीवर ठेवला. आणि मी बघितलं, त्यांची बोटं लुगड्यावर हलत होती. मधलं बोट दाबलं की डावा पाय उचलला जायचा. बोट सुटलं की पाय टेकायचा. पुन्हा बोट, पुन्हा पाय. उजव्या हातात काठी, डाव्या हाताने मांडीवर की-बोर्ड.

सिल्व्हियाने ते दोन पायऱ्या बघितलं आणि जिन्यातच बसली. "आंटी, तुमच्या डोक्यात कुठेतरी वायर जोडली गेली वाटतं."

"गेली नाही, मी जोडली," ताई म्हणाल्या. "जन्मभर दुसरं काय केलं?"

दिवाळीच्या दोन दिवस आधी अभिजितदादा आला. एकटाच. घर घेणाऱ्या माणसाशी त्याचं बोलणं झालेलं होतं, फक्त कळवायचं बाकी होतं, हे तो आईला सांगून मोकळा झाला. लपवलं नाही. ताई म्हणाल्या, "उद्या सकाळी."

सकाळी ताईंना आम्ही खाली नेलं. उतरताना दादाचा हात धरायला हरकत नव्हती, तेवढं ठरलं होतं. खाली कंदील लागले होते, पोरं किल्ला करत होती. ताईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं. कारेकर गेटजवळ उगाचच उभे होते. दुसऱ्या मजल्याची सून कठड्यावरून वाकून बघत होती.

"निघते," ताई म्हणाल्या.

पहिला जिना त्या सावकाश पण न थांबता चढल्या. काठी, बोट, पाय. काठी, बोट, पाय. दादा एक पायरी मागे होता, दोन्ही हात पुढे धरून, लहान मूल पहिल्यांदा चालतं तेव्हा आपण धरतो तसे. मी पुढे जाऊन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभी राहिले. भिंतीला लागून, कोपऱ्यात, वाट मोकळी राहावी म्हणून.

दुसरा जिना संपत आला तेव्हा त्या दमल्या. घाम दिसत होता. शेवटच्या पायरीवर काठी जरा सरकली आणि ताई मागे झुकल्या. फार नाही. मी सरावात ते शंभरदा बघितलं होतं, त्या सावरायच्या. पण दादाने कुठे बघितलं होतं? त्याने झटकन आईचा डावा हात धरला. घट्ट. दोन्ही हातांनी.

आणि ताई थांबल्या. पाय पायरीला खिळला.

"अभी, हात सोड," त्या म्हणाल्या. श्वास लागला होता, आवाज फुटत नव्हता.

"आई, पडशील."

"सोड म्हणते ना."

"बस झालं, आई. राहू दे. खूप झालं. इतकं चढलीस ना, खूप झालं." त्याचे डोळे भरले होते. तो हात सोडेना. ताईंना पुढे बोलायला दम नव्हता. त्या माझ्याकडे बघत होत्या. वरून सून बघत होती, खालून कारेकर वर आले होते, आणि सगळ्यांना वाटलं की संपलं.

"सोडा, दादा," मी म्हणाले. "त्यांचा पाय तिथं हाय. तुमच्या हातात."

मी इतक्या मोठ्याने बोलले की जिन्यात आवाज घुमला. माझाच तो आवाज, हे मला एक क्षण कळलं नाही. दादाने माझ्याकडे असं बघितलं जणू भिंत बोलली. सहा महिन्यांत मी त्याच्याशी हो आणि नाही यापलीकडे बोलले नव्हते. त्या आश्चर्यातच त्याचे हात सुटले.

ताईंनी हात मांडीवर घेतला. दादा आता हाताकडे बघत होता. मधलं बोट हललं. पाय उठला. पुन्हा बोट. पुन्हा पाय. त्याला काय दिसतंय ते कळायला त्याला वेळ लागला. मग तो तिथेच पायरीवर बसला आणि आई तिसरा जिना चढताना खालून बघत राहिला. मागे गेला नाही, हात पुढे केले नाहीत.

वर दाराशी पोचल्यावर ताई खुर्चीत बसल्या. मी विचारलं, "पानी?"

"आन," त्या म्हणाल्या. पाणी प्यायल्या, आणि मग माझ्याकडे बघून, "आवाज आहे की गं तुला. आणि लाइन एकदम साफ."

दुपारी दादाने त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. मग आईच्या खुर्चीत बसून तो गेम त्याने खेळून बघितला. सुरू झाल्याझाल्या तडक कोपऱ्यात पळाला आणि नणंदांनी त्याला खाल्लं. ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "तुझा बाप कोपऱ्यात पळाला गं!" असं त्यांनी लगेच बंगळूरला फोन करून ईराला सांगितलं. कॅमेरा दादाने जाताना काढून नेला.

त्यानंतरही ताई तिथेच राहिल्या. पूर्ण बऱ्या झाल्या असं मी लिहिणार नाही. डावा पाय शेवटपर्यंत ओढायच्या, चहाचा कप पाहुणीला कधी दिला नाही. पण स्वतः खाली उतरून पाव आणायच्या. रिक्षाने निर्मळच्या देवळात जाऊन यायच्या. केळी स्वतः वाटायच्या. रोज व्यायाम आणि मग गेम. आकडा वाढला की मला हाक मारायच्या, मी येऊन बघायचे. मला त्यातलं फार कळायचं नाही, पण त्यांना कुणीतरी बघायला लागायचं. एकदा मी विचारलं होतं, "ताई, शेवटी मरायचंच, तर एवढं कशाला पळायचं?"

"मग काय उभी राहू?" म्हणाल्या.

यंदा श्रावणात त्या गेल्या. सकाळी, स्वतःच्या पलंगावर. मी नेहमीसारखी आले तेव्हा शेजारी दारात उभे होते. त्याबद्दल मला लिहायचं नाही. घरात आता दुसरं कुटुंब राहायला आलं आहे, चांगली माणसं आहेत म्हणे. मी त्या जिन्याने पुन्हा गेले नाही.

मला आठवते ती आदली संध्याकाळ. काम आटोपलं होतं. डाळ झाकून ठेवली, ओटा पुसला, पिशवी घेतली. ताई खुर्चीत होत्या, दाराकडे पाठ, एका कानाला हेडफोन. पडद्यावर ते अंगण, चारी दारांतून सगळे येत होते, आणि त्या मध्यभागी होत्या, गरगर फिरत, जाळत. पाहुणीची तीन बोटं अशी चालत होती की ती कधी काळी झोपली होती हे कुणाला खरं वाटलं नसतं. मला जातेय म्हणून सांगायचं होतं, पण खेळ रंगात आला होता. म्हणून मी गुपचूप उभी राहिले. फ्रीजच्या शेजारी, भिंतीला लागून. आवाज न करता.

"कोपऱ्यात का उभी आहेस?" त्या न वळता म्हणाल्या. "जा आता, बस चुकेल तुझी. ठेवते."